स्पिन आइस मोडते कुठे: डिस्प्रोसियम टायटनेट ते झिरकोनेट मालिका बनवणे आणि मोजणे

चार डिस्प्रोसियम आयन एका चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात. प्रत्येकाचा चुंबकीय मोमेंट (त्यालाच स्पिन म्हणतात) एक तर चतुष्फलकाच्या केंद्राकडे रोखलेला असतो, नाहीतर बाहेर. डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये कमीत कमी ऊर्जेची मांडणी म्हणजे दोन आत, दोन बाहेर. अशा सहा मांडण्या असतात आणि सगळ्यांची ऊर्जा सारखीच, त्यामुळे कोणती निवडायची याचा निकाल थंड केल्यावरही लागत नाही. यालाच भौमितिक फ्रस्ट्रेशन म्हणतात आणि या अवस्थेला स्पिन आइस. १९९७ मध्ये ती होल्मियम टायटनेटमध्ये ओळखली गेली. १९९९ मध्ये डिस्प्रोसियम टायटनेटच्या विशिष्ट उष्णतेतून तिची शिल्लक एन्ट्रॉपी, म्हणजे थंड केल्यावरही उरणारी अव्यवस्था, मोजली गेली.

आता टायटेनियमच्या जागी झिरकोनियम घाला. डिस्प्रोसियम झिरकोनेटमध्ये डिस्प्रोसियम आणि झिरकोनियम एकाच जाळीवर अर्धे अर्धे, वाटेल तसे विखुरतात. ऑक्सिजनच्या आठ जागांपैकी सरासरी सातच भरलेल्या असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत या पदार्थात स्पिन आइसची शिल्लक एन्ट्रॉपी सापडली नाही. १० केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय धाटणीचे (शेजारी मोमेंट उलट दिशांना) सहसंबंध दिसले, पण ४० मिलीकेल्विनपर्यंतही स्पिन गोठले नाहीत.

या दोन टोकांच्या मधली मालिका बनवून मोजणे हा एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला साजेसा विषय आहे. सोलापुरातल्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नमुने बनवणे, एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि रामन (प्रकाशाच्या विकिरणातून आयनांची कंपने पाहणे) इथवरचे काम करता येते. अतिशीत मापने बाहेर करून आणावी लागतात. बाहेर मिळणारा वेळ मोजका असल्यामुळे नमुना निघण्याआधीच त्याची नीट झडती घ्यायला हवी. बिघाडामुळे चुंबकीय गुणधर्म बदलले असे लिहिण्याआधी तो बिघाड कोणता, हे सांगता आले पाहिजे. बिघाड तीन प्रकारचे असतात: धन आयनांची अदलाबदल, प्रमाणातली चूक आणि ऑक्सिजनची कमतरता. बाहेरून तिघांचा परिणाम सारखाच दिसतो, कारणे मात्र अगदी वेगळी.

मालिका ठरवताना

पायरोक्लोर रचना, म्हणजे दोन्ही धन आयन आपापल्या ठरलेल्या जागी असलेली टायटनेटची रचना, टिकेल का, याचा ढोबळ अंदाज आयनांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तरावरून येतो. दुर्मिळ मृदा आयनाची त्रिज्या भागिले चतुःसंयुजी आयनाची त्रिज्या हे गुणोत्तर १.४६ ते १.७८ मध्ये असेल तर पायरोक्लोर, त्याखाली गेले तर सदोष फ्लुओराइट, म्हणजे झिरकोनेटसारखी विखुरलेली रचना. डिस्प्रोसियमची त्रिज्या १.०२७ अँगस्ट्रॉम, टायटेनियमची ०.६०५, झिरकोनियमची ०.७२. म्हणजे टायटनेटसाठी गुणोत्तर १.७० आणि झिरकोनेटसाठी १.४३. सरासरी त्रिज्या धरून हिशेब केला तर सीमा ८५ टक्के झिरकोनियमच्या आसपास येते. मात्र हा नियम सरासरी रचनेपुरता आहे. स्थानिक पातळीवर ऑक्सिजन त्याच्या बऱ्याच आधी जागा सोडू लागतो. म्हणून मालिकेत ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के झिरकोनियमचे पाच नमुने घ्या, आणि ८५ व ९० टक्क्यांचे दोन जास्तीचे.

डिस्प्रोसियमच का, असा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. होल्मियमचे अणुकेंद्रकीय योगदान १ केल्विनखाली विशिष्ट उष्णतेवर इतके चढते की एन्ट्रॉपीचा हिशेब त्यात बुडतो. टर्बियम आणि प्रासिओडायमियमची ऑक्साइडे मिश्र संयुजेची असल्यामुळे वजनापासूनच कटकट सुरू होते. गॅडोलिनियमला कोणतीही दिशा फारशी प्रिय नसते, त्यामुळे तिथे भौतिकी वेगळी.

वजन: सगळ्यात जास्त चुका इथेच

५ ग्रॅम डिस्प्रोसियम टायटनेटसाठी ३.५००८ ग्रॅम डिस्प्रोसियम ऑक्साइड आणि १.४९९२ ग्रॅम टायटेनियम डायऑक्साइड लागते. ५ ग्रॅम झिरकोनेटसाठी ३.०१०८ ग्रॅम डिस्प्रोसियम ऑक्साइड आणि १.९८९२ ग्रॅम झिरकोनियम डायऑक्साइड. निम्म्या-निम्म्या नमुन्यासाठी डिस्प्रोसियम ऑक्साइड ३.२३७४, टायटेनियम डायऑक्साइड ०.६९३२ आणि झिरकोनियम डायऑक्साइड १.०६९५ ग्रॅम. इतर प्रमाणांचा हिशेब याच पद्धतीने करा: डिस्प्रोसियम ऑक्साइडचा रेणुभार ३७२.९९७, टायटेनियम डायऑक्साइडचा ७९.८६५, झिरकोनियम डायऑक्साइडचा १२३.२२२.

बाटलीतून काढलेले डिस्प्रोसियम ऑक्साइड थेट तोलू नका. ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. लॅन्थॅनम आणि निओडायमियमच्या ऑक्साइडांइतके ते हावरट नाही, तरी पावसाळ्यात फरक पडतोच. ९०० ते १००० अंश सेल्सिअसवर रात्रभर तापवा, भट्टी २०० अंशांपर्यंत उतरली की गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा आणि निवल्यावर लगेच तोला. आधी १ ग्रॅम वेगळे तापवून वजनात किती घट येते ते नोंदवून ठेवा. टायटेनियम डायऑक्साइडला ५०० ते ६०० अंश पुरतात. ते अनाटेज आहे की रूटाइल याने वजनाच्या हिशेबात फरक पडत नाही. झिरकोनियम डायऑक्साइडच्या बाटलीवर शुद्धता 'हाफ्नियमसह' लिहिली आहे का ते पाहा. व्यापारी मालात थोडे हाफ्नियम असतेच. त्याची त्रिज्या झिरकोनियमच्या जवळपासच असल्याने रचनेला धक्का लागत नाही, पण मोलर वजन चुकते.

समजा डिस्प्रोसियम ऑक्साइडमध्ये १ टक्का पाणी होते. मग ५ ग्रॅममागे सुमारे १५ मिलिग्रॅम टायटेनियम डायऑक्साइड जास्तीचे उरते, म्हणजे ०.३ टक्के. प्रयोगशाळेच्या एक्सआरडीत इतके दिसत नाही. डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये त्याने फार बिघडणार नाही, पण हाच प्रकार यिटर्बियम किंवा टर्बियम टायटनेटमध्ये झाला तर सगळे उलटेपालटे होते. टर्बियम टायटनेटमध्ये प्रमाणात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडला तरी अर्ध्या केल्विनच्या आसपासचे विशिष्ट उष्णतेचे शिखर येते किंवा जाते. यिटर्बियम टायटनेटच्या एकस्फटिकांत २ टक्क्यांच्या आसपास यिटर्बियम टायटेनियमच्या जागी घुसले, की ०.२६ केल्विनजवळचे धारदार शिखर पसरट होते.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की बटर पेपरवरची बारीक पावडर स्थिर विजेने उडते आणि कागदाला चिकटून राहते. काच किंवा ॲल्युमिनियमची बोट वापरा. तराजू पंखा आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.

घोटणे, दाबणे, भाजणे

अगेटच्या खलात ॲसिटोन किंवा इथेनॉल घालून ४५ मिनिटे ते तासभर घोटा. शेंगाचटणीसारखे कुटायचे नाही, बत्त्याने घासत राहायचे. कुटल्याने अगेटचे कण पडतात आणि मिश्रण मात्र नीट होत नाही. बॉल मिल वापरणार असाल तर झिरकोनियाचे गोळे फक्त झिरकोनेटसाठी. टायटनेटमध्ये त्याच गोळ्यांनी झिरकोनियम शिरते आणि मालिकेचे पहिले टोकच अशुद्ध होते. स्टीलचा चमचा कटाक्षाने टाळा, प्लास्टिकचा वापरा.

पहिले भाजणे सैल पावडरीचेच करा: १००० अंश, १२ तास. नंतर पुन्हा घोटून १३ मिमीच्या डायमध्ये २ ते ३ टन दाबाने गोळी करा. डाय स्टीलची असते, म्हणून गोळीचा वरचा थर बारीक एमरी कागदाने घासून काढा. हे कशासाठी ते पुढे मापनात कळेल. बाइंडर म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातले असेल तर ५०० अंशांवर दोन तास थांबून ते जाळून घ्या.

टायटनेटसाठी १३५० अंशांवर २४ तास, असे तीनदा, प्रत्येक वेळी गोळी फोडून, घोटून, पुन्हा दाबून. झिरकोनेटसाठी १५०० अंश असेल तर उत्तम. सिलिकॉन कार्बाइडच्या रॉडची भट्टी असेल तर १४०० अंशांवर ४८ तास, असे तीनदा. तापवण्याचा वेग मिनिटाला ३ ते ५ अंश. थंड करण्याचा वेगही तेवढाच ठेवा आणि वहीत लिहा, कारण झिरकोनेटांत तो नमुन्याचाच भाग असतो. गॅडोलिनियम झिरकोनेट सुमारे १५३० अंशांच्या वर अव्यवस्थित असते आणि खाली पायरोक्लोर. वरून झटकन थंड केले तर अव्यवस्था तशीच गोठून राहते. १२०० अंशांच्या वर के-टाइप थर्मोकपलवर विसंबू नका, आर, एस किंवा बी घ्या.

अल्युमिनाच्या मुशीत गोळी थेट ठेवू नका. खाली त्याच रचनेची पावडर पसरा आणि त्यावर गोळी ठेवा. उच्च तापमानाला डिस्प्रोसियम अल्युमिनाशी अभिक्रिया करते आणि डिस्प्रोसियम अल्युमिनियम गार्नेट किंवा डिस्प्रोसियम अल्युमिनेट तयार होते. एक्सआरडीत त्यांची मुख्य शिखरे ३३ ते ३४ अंशांच्या कोनाजवळ येतात. ही दोन्ही संयुगे स्वतःच प्रतिलोहचुंबकीय होतात: गार्नेट २.५ केल्विनला, अल्युमिनेट ३.५ केल्विनला. गोळीच्या तळाचा थर खरवडून टाकला नाही, तर नेमक्या त्याच तापमानाला एक छानसे शिखर मिळते आणि त्यावर शोधनिबंध लिहायचा मोह होतो. एर्बियमचे नमुने करत असाल तर न संपलेले एर्बियम ऑक्साइड ३.४ केल्विनला हाच घोळ घालते.

वीज. वळवाच्या पावसात ती कधी जाईल याचा भरवसा नाही आणि २४ तासांचे भाजणे मधेच तुटते. कंट्रोलरमध्ये वीज परतल्यावर काय करायचे, याची सेटिंग असते: कार्यक्रम पुढे चालू, पुन्हा पहिल्यापासून, किंवा थांबा. यांतली 'थांबा' निवडा. तुटलेले भाजणे पुन्हा घोटून पूर्ण करता येते, पण रात्रीत कंट्रोलरने काय केले हे माहीत नसेल तर तो नमुना कशातही धरता येत नाही. व्होल्टेज स्टॅबिलायझर असेल तर रॉडांचे आयुष्यही वाढते.

शेवटचे भाजणे हवेत किंवा ऑक्सिजनच्या प्रवाहात करा. टायटनेटची पावडर पांढरट ते फिकट पिवळसर असावी. राखाडी झाक आली तर ऑक्सिजन कमी पडला आहे आणि काही टायटेनियम त्रिसंयुजी झाले आहे. त्या टायटेनियमला स्वतःचा चुंबकीय मोमेंट असतो. शिवाय रिकामी जागा शेजारच्या डिस्प्रोसियमची पसंतीची दिशाच बदलते. ११०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये दोन-तीन दिवस ठेवले की रंग सहसा परततो.

भट्टी १२०० अंशांचीच असेल तर

ज्वलन पद्धत वापरा, पण फक्त झिरकोनेटच्या टोकासाठी. टायटेनियमचे स्थिर नायट्रेट मिळत नाही आणि आयसोप्रोपॉक्साइडची कसरत नवख्याने करू नये. तापवलेले डिस्प्रोसियम ऑक्साइड सौम्य नायट्रिक आम्लात ६० ते ७० अंशांवर विरघळवा. झिर्कोनिल नायट्रेटमध्ये पाण्याचे रेणू किती, हे बाटलीवर लिहिलेले खरे मानू नका. १ ग्रॅम घेऊन १००० अंशांवर जाळा, उरलेले झिरकोनियम डायऑक्साइड तोला आणि त्यावरून हिशेब करा. इंधन म्हणून ग्लायसिन. संयुजांच्या हिशेबाने एका मोल डिस्प्रोसियम झिरकोनेटला ५.५६ मोल ग्लायसिन येते. त्याहून थोडे कमी घेतले तर भडका सौम्य होतो.

हे काम फ्यूम हूडमध्येच करा. २ ग्रॅम उत्पादनासाठीसुद्धा १ लिटरचा बीकर घ्या, तोंडावर स्टीलची जाळी ठेवा, चष्मा घाला. द्रावण आटून जेल झाले की तपकिरी वाफा येतात आणि काही सेकंदांत सगळे पेटून फुलते. पावडर ८०० अंशांवर ६ तास भाजा, मग १२०० वर.

या पद्धतीत एक फसवणूक दडलेली आहे. कमी तापमानाला जवळपास सगळीच झिरकोनेटे आधी फ्लुओराइट म्हणून जन्मतात. निओडायमियम झिरकोनेटसारखे अस्सल पायरोक्लोरही त्याला अपवाद नाही. शिवाय कण नॅनो आकाराचे असल्यामुळे शिखरे रुंद होतात आणि कमजोर शिखरे पार्श्वभूमीत विरून जातात. २९.५ अंशांवरच्या शिखराची रुंदी अर्धा अंश असेल तर कणांचा आकार १६ नॅनोमीटरच्या आसपास आहे. अशा नमुन्यात दिसणारी अव्यवस्था पदार्थाची की भट्टीची, हे कोणी सांगू शकत नाही. १२०० वर भाजूनही रुंदी कमी झाली नाही तर तो नमुना मालिकेत घेऊ नका.

एक्सआरडी: काय पाहायचे

तांब्याच्या नळीवर १० ते ९० अंश, ०.०२ च्या पायरीने. डिस्प्रोसियम टायटनेटची जाळी १०.१२ अँगस्ट्रॉमची, त्यामुळे मुख्य शिखरे ३०.६, ३५.५, ५१.० आणि ६०.७ अंशांच्या आसपास येतात. ही चारही शिखरे फ्लुओराइटमध्येही असतात, थोडी डावीकडे सरकलेली. व्यवस्था कळते ती बारक्या शिखरांवरून: (१११) सुमारे १५.२ अंशांवर, (३११) २९.३ वर, (३३१) ३८.८ वर, (५११) ४६.६ वर. झिरकोनियम वाढत जाईल तशी ही मंदावतात, रुंदावतात आणि नाहीशी होतात. १० ते ४० अंशांचा भाग वेगळा, एका पायरीला १० सेकंद देऊन मोजा. नेहमीच्या घाईतल्या स्कॅनमध्ये ती दिसत नाहीत, आणि दिसली नाहीत म्हणून नाहीत असे लिहिले जाते.

तांब्याच्या किरणांची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि डिस्प्रोसियमची एल-३ कडा (ज्या ऊर्जेला क्ष-किरणांचे शोषण एकदम वाढते) ७.७९. म्हणजे नमुना स्वतःच चमकतो आणि पार्श्वभूमी उंचावते. होल्मियमची कडा ८.०७ वर असल्याने त्याला हा त्रास नाही. मोनोक्रोमेटर किंवा ऊर्जा वेगळी करणारा डिटेक्टर असेल तर तो नक्की वापरा, नसेल तर स्कॅनचा वेळ वाढवा.

दुसरी खबरदारी. पूर्ण व्यवस्था असलेल्या जाळीतही बारक्या शिखरांची तीव्रता दोन धन आयनांच्या इलेक्ट्रॉनसंख्येतल्या फरकाच्या वर्गाने ठरते. डिस्प्रोसियम ६६, टायटेनियम २२, फरक ४४. झिरकोनियम ४०, फरक २६. ऑक्सिजनचा वाटा बाजूला ठेवला तर झिरकोनियम भरल्याने तीव्रता आपोआप एक तृतीयांशावर येते, अव्यवस्था शून्य असली तरी. त्यामुळे 'शिखर कमी झाले म्हणजे अव्यवस्था वाढली' हा निष्कर्ष रीटवेल्ड फिटिंगशिवाय (संपूर्ण एक्सआरडी आलेखाला रचनेचे प्रारूप बसवल्याशिवाय) काढू नका. फिटिंगमध्ये धन आयनांची अदलाबदल आणि ४८एफ या जागेवरच्या ऑक्सिजनचा स्थानांक दोन्ही मोकळे सोडा, पण एकाच वेळी नाही. टायटनेटमध्ये हा स्थानांक ०.३२३ च्या आसपास यावा. ०.३७५ म्हणजे आदर्श फ्लुओराइट. क्ष-किरण ऑक्सिजनला जवळपास आंधळे असतात, म्हणून तिसरा दशांश फार मनावर घेऊ नका.

रामन हा स्वस्त आणि जवळचा साक्षीदार. पायरोक्लोरला सहा रामन-सक्रिय कंपने असतात, फ्लुओराइटला एकच. मालिकेत धारदार रेषा कुठे पसरट उंचवट्यात बदलतात ते पाहा. रामन स्थानिक व्यवस्था पाहतो आणि एक्सआरडी लांब पल्ल्याची. दोघांची सीमा वेगवेगळ्या प्रमाणाला आली तर ती चूक नाही, तोच निकाल आहे.

चुंबकीय मापन

हे बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा इंदूरला करावे लागते. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमची इंदूर, मुंबई आणि कोलकाता इथली केंद्रे विद्यापीठातल्या संशोधकांकडून प्रस्ताव घेतात. प्रस्तावात एक्सआरडी आणि रीटवेल्डचे निकाल जोडा. त्याशिवाय अतिशीत वेळ मागणे व्यर्थ आहे.

नमुना ५ ते १० मिलिग्रॅम, जास्त नको. डिस्प्रोसियमचा मोमेंट इतका मोठा की २ केल्विनला संपृक्त अवस्थेत ग्रॅममागे सुमारे १०५ ईएमयू मिळतात. वजन ०.०१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या तराजूवर करा. ०.१ वाचणाऱ्या तराजूवर १० मिलिग्रॅम म्हणजे १ टक्का चूक आधीच पदरात. पावडर सैल ठेवू नका. क्षेत्र वाढले की सैल कण स्वतःच फिरतात. आयकोसेनमध्ये (मेणासारखा पदार्थ) किंवा पातळ वार्निशमध्ये बांधून टाका. तपासायची खूण सोपी आहे: प्रत्येक आयनाचा मोमेंट १० बोर मॅग्नेटॉनचा, पण दिशा बांधलेल्या असल्यामुळे बद्ध पावडरची संपृक्तता त्याच्या निम्मी, म्हणजे ५ यायला हवी. ५.५ च्या पुढे जाऊन ५.७७ कडे झुकली तर कण (१००) दिशेने वळले आहेत.

पहिले माप ३०० केल्विनला चुंबकन विरुद्ध क्षेत्र. रेष सरळ आणि मूळबिंदूतून जाणारी हवी. छोटासा वेटोळा दिसला तर डायचे किंवा चमच्याचे लोखंड नमुन्यात आहे. म्हणूनच गोळीचा वरचा थर घासायचा.

मग १०० ओर्स्टेड क्षेत्रात, शून्य क्षेत्रात थंड करून आणि क्षेत्रात थंड करून, २ ते ३०० केल्विन. त्याआधी चुंबकाचे शिल्लक क्षेत्र दोलन पद्धतीने शून्यावर आणा. नाहीतर 'शून्य क्षेत्र' म्हणजे प्रत्यक्षात वीसेक ओर्स्टेड असू शकते. ५० केल्विनच्या आसपास बारीक उंचवटा दिसला तर तो नमुन्याचा नाही, कक्षात शिरलेल्या हवेतल्या ऑक्सिजनचा आहे. पंप करून पुन्हा करा.

क्यूरी-वाइस फिटिंग (ससेप्टिबिलिटीच्या, म्हणजे चुंबकन भागिले क्षेत्राच्या, व्यस्ताला तापमानाविरुद्ध सरळ रेष बसवणे) तापमानाच्या दोन खिडक्यांत करा: १०० ते ३०० केल्विन आणि १० ते ३० केल्विन. क्रिस्टल फील्डच्या (भोवतालच्या आयनांच्या विद्युत क्षेत्राने ठरणाऱ्या) वरच्या पातळ्या काही शे केल्विनवर असल्याने एकच सरळ रेष दोन्हीकडे बसत नाही आणि खिडकी सरकवली की थीटाही (रेष तापमानाच्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा) काही केल्विनने सरकतो. म्हणून कोणती खिडकी धरली ते न लिहिता नुसता थीटा देणे निरर्थक आहे. वरच्या खिडकीतून मोमेंट १०.६ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास यावा. सूत्र: एका मोल डिस्प्रोसियमच्या क्यूरी स्थिरांकाला ८ ने गुणून वर्गमूळ. मोमेंट १० आला तर तो ६ टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे वस्तुमानात १२ टक्क्यांचा घोळ. इतका घोळ अव्यवस्थेने होत नाही. वजन, आयकोसेनचा हिशेब किंवा प्रति मोल आयन की प्रति मोल रेणू, यात चूक शोधा. नमुन्याचे स्वतःचे डायमॅग्नेटिझम इथे ३०० केल्विनलाही ०.१५ टक्क्याहून कमी असल्याने सोडून दिले तरी चालते. समारियम किंवा युरोपियमच्या बाबतीत मात्र सोडता येत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित दुरुस्ती विचुंबकनाची आहे. टायटनेटचा खरा थीटा अर्ध्या केल्विनच्या आसपास, धन. नमुना गोलाकार असेल तर त्याच्या स्वतःच्या चुंबकनामुळे मोजलेला थीटा सुमारे १.५ केल्विनने खाली सरकतो. म्हणजे दुरुस्ती मूळ राशीच्या तिप्पट आणि चिन्हच उलटे. पुष्कळ ठिकाणी 'प्रतिलोहचुंबकीय सहसंबंध' म्हणून जे छापले जाते ते एवढेच असते. झिरकोनेटचा ऋण थीटा खरा आहे, पण तो टायटनेटशी ताडायचा तर दोन्ही नमुने एकाच आकाराचे घ्या. घट्ट दाबलेली लांबट पट्टी क्षेत्राला समांतर ठेवली तर दुरुस्ती कमीत कमी लागते.

एसी ससेप्टिबिलिटी

३ ओर्स्टेडचे दोलक क्षेत्र, १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ, २ ते ४० केल्विन. टायटनेटमध्ये १ किलोहर्ट्झला १६ केल्विनजवळ एक शिखर येते आणि वारंवारता वाढली की वर सरकते. त्यामागचा ऊर्जेचा अडथळा २०० केल्विनच्या घरातला, म्हणजे क्रिस्टल फील्डच्या पहिल्या पातळीच्या बरोबरीचा. दुसरे गोठणे २ केल्विनखाली. १६ केल्विनचे शिखर हे एका आयनाच्या पलटण्याचे आहे, सामूहिक स्पिन आइसचे नव्हे. ते झिरकोनियमने पुसले गेले, तर त्यावरून आधी एवढेच सिद्ध होते की प्रत्येक आयनाभोवतीचे ऑक्सिजन वेगळे झाले आणि अडथळे पसरले.

शिखर किती सरकते याचे माप काढा: शिखराच्या तापमानातला बदल, भागिले तापमान, भागिले वारंवारतेच्या दशमान लॉगॅरिदममधला बदल. नेहमीच्या स्पिन ग्लासमध्ये (जिथे स्पिन वाटेल त्या दिशांना गोठतात) हा आकडा ०.०१ च्या आसपास किंवा कमी असतो. ०.१ च्या पुढे गेला तर ग्लास म्हणू नका. २ केल्विनजवळ पावडर लवकर थंड होत नाही. प्रत्येक तापमानाला थांबा, आणि चढत्या व उतरत्या दोन्ही दिशांनी मोजा.

विशिष्ट उष्णता आणि एन्ट्रॉपी

पावडर आणि चांदीची पावडर समान वजनाने मिसळून दाबा, नाहीतर १ केल्विनखाली गोळीच्या आतला भाग गरमच राहतो. चांदीचे आणि ग्रीसचे योगदान वेगळे मोजून वजा करा.

जाळीचे योगदान वजा करण्यासाठी चुंबकीय नसलेला जोडीदार लागतो. टायटनेटसाठी यिट्रियम किंवा ल्युटेशियम टायटनेट. झिरकोनेटसाठी लॅन्थॅनम झिरकोनेट घेऊ नका, कारण ते पायरोक्लोर आहे आणि तुमचा नमुना फ्लुओराइट. यिट्रियम झिरकोनेट रचनेने बरोबर जुळते, पण यिट्रियम डिस्प्रोसियमच्या जवळपास निम्म्या वजनाचे, त्यामुळे डिबाय तापमान (जाळीच्या कंपनांचे माप) वस्तुमानानुसार बदलून घ्यावे लागते. ल्युटेशियम वजनाने जवळचे आहे, किमतीने नाही.

विशिष्ट उष्णता भागिले तापमान याचे ०.४ ते १२ केल्विन क्षेत्रफळ म्हणजे परत मिळालेली एन्ट्रॉपी. दोन पातळ्यांच्या व्यवस्थेची पूर्ण किंमत प्रति मोल डिस्प्रोसियम ५.७६ जूल प्रति केल्विन. स्पिन आइसची शिल्लक १.६९, म्हणजे टायटनेटमध्ये ४.०८ च्या आसपास मिळायला हवे. झिरकोनेटमध्ये ८ केल्विनपर्यंत पूर्ण ५.७६ परत मिळते. मधल्या नमुन्यांत ही बेरीज कशी चढते, तोच या मालिकेचा मुख्य आलेख.

खालच्या तापमानाला किती थांबलात यावर टायटनेटचा आकडा अवलंबून असतो. २०१३ मध्ये दिवसच्या दिवस थांबून केलेल्या मापनांत शिल्लक एन्ट्रॉपी १.६९ पेक्षा कमी निघाली होती आणि तिचा अर्थ काय यावर अजून एकमत नाही. म्हणून थांबण्याचा वेळ प्रत्येक नमुन्याला सारखा ठेवा आणि आलेखाखाली छापा.

न्यूट्रॉन आणि एक्साफ्स

ऑक्सिजन कुठे बसला हे न्यूट्रॉन सांगतात, पण नैसर्गिक डिस्प्रोसियम त्यांना गिळतो: शोषण छेद ९९४ बार्न. होल्मियमचा ६५. म्हणून ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर वेळ मागायचा तर होल्मियमची समांतर मालिका बनवा आणि तिच्यावर ऑक्सिजनचे काम करा. धन आयनांच्या शेजाराची चौकशी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर एक्साफ्सने (क्ष-किरण शोषणातल्या बारीक चढउतारांवरून) होते. झिरकोनियमची के-कडा १७.९९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, डिस्प्रोसियमची एल-३ ७.७९ वर. दोन्ही कडा मोजा. एका बाजूने अव्यवस्था दिसली आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर फिटिंग चुकले आहे.

नमुने हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला न्या नाहीतर सिद्धेश्वरने मुंबईला, प्रत्येक कुपीवर रचना, तारीख, शेवटचे तापमान, थंड करण्याचा वेग आणि घाणा (एका वेळी बनवलेली पावडर) क्रमांक लिहा. एकाच घाण्यातली किमान अर्धी पावडर सोलापुरातच डेसिकेटरमध्ये ठेवा. एक्सआरडी, रामन, चुंबकन आणि विशिष्ट उष्णता ही चारही मापने एकाच घाण्यावर झाली नसतील, तर ते आलेख एकमेकांशेजारी छापू नका.